धांवून जावें कीं ठाण मांडावें?
(अमेरिकन फुटबॉलमधील बचावाच्या दोन नीति)

रक्षण हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें भिंत, कुलूप आणि पहारा हीं उभीं राहतात. जें राखावयाचें तें पाठीशीं घालावें आणि आपण त्याच्यापुढें ठाण मांडून बसावें, एवढाच रक्षणाचा अर्थ आपण बहुधा करितों. परंतु चोर वेशीपाशीं आला असें कळतांच काठी घेऊन त्याच्या अंगावर धांवून जाणें हेंहि रक्षणच होय. कौटिल्यानें राजनीतीचे जे सहा गुण सांगितले, त्यांत 'यान' म्हणजे चालून जाणें आणि 'आसन' म्हणजे स्थिर राहणें या दोहोंसहि स्थान आहे. कोणतें केव्हां योजावें, हाच काय तो प्रश्न. हा प्रश्न आजच्या काळीं अत्यंत बारकाईनें आणि तितक्याच आवेशानें कोठें चर्चिला जात असेल, तर तो अमेरिकेंतील धंदेवाईक फुटबॉलच्या मैदानावर. आपल्या घरोघरचीं मुलें आणि नातवंडें आतां त्या देशीं नांदत आहेत. माघ महिन्याच्या सुमारास एका रविवारीं सारा देश या खेळाचा अंतिम सामना पाहावयास बसतो आणि तींहि बसतात. तेव्हां त्या खेळांतील हा वाद आपणहि समजून घ्यावा, हें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम खेळाची ओळख. याचें नांव फुटबॉल असलें, तरी चेंडू बहुतेक वेळ हातींच असतो. मैदान शंभर यार्ड लांब. प्रत्येक बाजूस अकरा गडी. ज्या संघाकडे चेंडू, त्यास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें जावें लागतें. तितकें साधलें तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात. न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. शेवटची रेषा चेंडूसह ओलांडली म्हणजे सहा गुण. यास टचडाऊन म्हणतात. तेथवर पोंचणें अशक्य दिसलें, तर दूरवरून लाथेनें चेंडू दोन खांबांमधून धाडतां येतो. त्याचे गुण तीन, आणि नांव फील्ड गोल. चढाई करणाऱ्या संघाचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातीं येतो आणि दोन-तीन सेकंदांत त्यास ठरवावें लागतें कीं तो कोणाकडे फेंकावा.

या दोन-तीन सेकंदांवरच बचावाचा सारा वाद उभा आहे. सामान्यतः बचावाचे चार गडी क्वार्टरबॅकवर चालून जातात आणि सात जण मागें राहून चेंडू झेलूं पाहणाऱ्यांस आवरतात. उग्र नीतीचा पुरस्कर्ता म्हणतो, "चार कशाला? पांच धाडा, सहा धाडा, सात धाडा. त्याला विचार करावयास अवसरच देऊं नका." यास ब्लिट्झ म्हणतात. विजेचा अर्थ असलेला हा जर्मन शब्द दुसऱ्या महायुद्धांतील झंझावाती चढायांमुळें इंग्रजींत रूढ झाला आणि तेथून मैदानावर आला. परंतु पुढें धाडलेला प्रत्येक गडी मागच्या रक्षणांतून उणा होतो. वेळेवर पोंचला तर विजय. न पोंचला तर पाठीमागें मोकळें रान.

सावध नीतीचें म्हणणें अगदीं उलट आहे. 'मोडेन पण वांकणार नाहीं' ही म्हण आपल्याकडे अभिमानानें सांगतात. या लोकांनीं ती जणूं उलटी करून घेतली आहे: वांकेन, पण मोडणार नाहीं. प्रतिपक्षास चार यार्ड, सहा यार्ड घेऊं द्यावे, पण एकदम चाळीस यार्ड कधींहि देऊं नयेत. दोन रक्षक अगदीं खोल उभे करावे. बाकीच्यांनीं आपापला प्रदेश राखावा. ऐंशी यार्ड जावयाचें तर प्रतिपक्षास दहा-बारा वेळां न चुकतां खेळावें लागेल, आणि मनुष्यमात्र दहा-बारा वेळां न चुकतां राहत नाहीं, या विश्वासावर ही नीति उभी आहे.

दोन्ही नीतींच्या पदरीं मोठे विजय आहेत. उग्र नीतीचें सर्वांत गाजलेलें उदाहरण म्हणजे १९८५ सालचा शिकागो बेअर्स संघ. माइक डिटका हे मुख्य प्रशिक्षक असले, तरी बचावाचे सूत्रधार होते बडी रायन. त्यांच्या रचनेस 'शेहेचाळीस' असें नांव होतें. हें नांव डग प्लँक या खेळाडूच्या सदऱ्यावरील अंकावरून पडलें. या रचनेंत आठ गडी आघाडीच्या रेषेजवळ दाटीनें उभे राहत, आणि त्यांतून कोण धांवून येईल आणि कोण मागें सरेल याचा प्रतिपक्षास थांग लागत नसे. त्या वर्षीं बेअर्सनीं सोळांपैकीं पंधरा सामने जिंकले. पुढच्या बाद फेरींतील दोन सामन्यांत त्यांनीं प्रतिपक्षास एकहि गुण मिळूं दिला नाहीं, आणि २६ जानेवारी १९८६ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचा ४६-१० असा धुव्वा उडविला. त्या सामन्यांत पेट्रियट्सना चेंडू घेऊन धांवण्यानें अवघे सात यार्ड मिळाले. सामना संपल्यावर खेळाडूंनीं डिटका यांच्याप्रमाणेंच रायन यांनाहि खांद्यावर घेतलें. बचावाच्या सूत्रधारास असा मान क्वचितच लाभतो.

पण त्या वर्षींचा एकुलता एक पराभवहि तितकाच बोलका आहे. २ डिसेंबर १९८५ रोजीं मायामी संघानें बेअर्सना ३८-२४ असें हरविलें. मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मरीनो याच्या हातीं चेंडू जणूं ठरतच नसे. आला कीं सुटला. धांवून येणारे पोंचेपर्यंत चेंडू गेलेला, आणि मागें राखण करावयास माणसें थोडीं. विजेच्या वेगानें येणाऱ्यास त्याहून वेगाचा हात भेटला म्हणजे काय होतें, तें त्या दिवशीं दिसलें.

सावध नीतीचे आचार्य म्हणून टोनी डंजी यांचें नांव घेतात. हे १९७७ व १९७८ सालीं पिट्सबर्ग संघांत खेळले आणि तेथील बचावाचे संस्कार घेऊन पुढें टँपा बे संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. माँटी किफिन यांच्या साहाय्यानें त्यांनीं जी रचना सिद्ध केली तीस 'टँपा टू' असें म्हणतात. दोन रक्षक खोल आणि त्यांच्यामधली पोकळी भरावयास आणखी एक गडी मागें धांवणारा, असें तिचें स्वरूप आहे. २००१ च्या हंगामानंतर डंजींस पदावरून दूर करण्यांत आलें, पण किफिन आणि त्यांची रचना राहिली. २६ जानेवारी २००३ रोजीं अंतिम सामन्यांत टँपा बेची गांठ ओकलंड संघाशीं पडली. त्या हंगामांत ओकलंडची चढाई साऱ्या लीगमध्यें अग्रगण्य होती. टँपा बेनें सामना ४८-२१ असा जिंकला. बचावानें प्रतिपक्षाच्या पांच फेंकी मध्येंच झेलल्या आणि त्यांतल्या तीन थेट टचडाऊनपर्यंत नेल्या. भेकड म्हणून जिची हेटाळणी होते, त्या नीतीनें चुकीची वाट पाहिली आणि चूक होतांच तिचें सोनें केलें. डंजींनाहि पुढें २००७ सालीं इंडियनापोलिसचे प्रशिक्षक म्हणून अंतिम विजय लाभला.

येथवर दोन्ही पक्ष तुल्यबळ दिसतात. परंतु या वादाचें मर्म विजयांपेक्षां दोन पराभवांत अधिक स्पष्ट दिसतें. योगायोग असा कीं दोहोंतहि शेवटचे तेरा सेकंद उरले होते.

पहिला सामना ६ डिसेंबर २०२० चा. न्यू यॉर्क जेट्स हा संघ त्या हंगामांतले पहिले अकराहि सामने हरला होता. आतां लास व्हेगास रेडर्सविरुद्ध तो २८-२४ असा पुढें होता. तेरा सेकंद शिल्लक, रेडर्स ४६ यार्डांवर. जेट्सच्या बचावाचे सूत्रधार ग्रेग विल्यम्स यांनीं मोठी झुंड क्वार्टरबॅक डेरेक कार याच्यावर सोडली. मागें प्रत्येक झेलणाऱ्यामागें एकच रक्षक. त्याच्याहि मागें आधार कोणी नाहीं. कारनें ४६ यार्ड लांब चेंडू फेंकला, तो झेलला गेला, टचडाऊन झालें. पांच सेकंद राखून रेडर्स ३१-२८ असे जिंकले. दुसऱ्याच दिवशीं विल्यम्स यांस निरोप मिळाला.

दुसरा सामना २३ जानेवारी २०२२ चा, बाद फेरींतला. बफेलो बिल्स कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध ३६-३३ असे पुढें होते. याहि वेळीं शिल्लक तेरा सेकंदच. बफेलोचा बचाव त्या हंगामांत सर्वांत कमी भूमि देणारा. बफेलोनें चेंडू थेट मैदानाच्या टोकापार लाथाडला, त्यामुळें त्या तेरांतला एकहि सेकंद खर्ची पडला नाहीं. मग बचाव खोल जाऊन उभा राहिला. लांबची फेंक होऊं द्यावयाची नाहीं, एवढाच निर्धार. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स यानें लांब फेंकलाच नाहीं. पहिल्या खेळींत १९ यार्ड, दुसऱ्या खेळींत २५ यार्ड, तेहि मधल्या मोकळ्या जागेंतून. तीन सेकंद उरले असतां ४९ यार्डांवरून फील्ड गोल झाला, बरोबरी झाली, आणि जादा वेळेंत चीफ्स ४२-३६ असे विजयी झाले.

एकानें सर्वस्व पुढें लोटलें आणि तो बुडाला; दुसऱ्यानें सर्वस्व मागें घेतलें आणि तोहि बुडाला. मग धडा तो कोणता? सामान्य प्रेक्षक पहिल्यास अविचारी म्हणतो, दुसऱ्यास भित्रा म्हणतो, आणि स्वस्थ बसतो. पण गुणफलक पुन्हां पाहावा. जेट्स चार गुणांनीं पुढें होते. रेडर्सना फील्ड गोलचे तीन गुण मिळून कांहींच उपयोग नव्हता. त्यांस टचडाऊनच हवें होतें, म्हणजे एक लांब फेंक हवी होती. विल्यम्स यांनीं नेमका तिचाच मार्ग उघडा ठेवला. बफेलो तीन गुणांनीं पुढें होते. चीफ्सना टचडाऊनची निकड नव्हती. लाथेच्या टप्प्यांत येण्यापुरते चाळीस-पंचेचाळीस यार्ड मिळाले कीं भागत होतें. बफेलोनें नेमके तेच आपण होऊन दिले. प्रत्येकानें शत्रूस जें हवें होतें तेंच दिलें आणि ज्याची त्याला गरज नव्हती त्यावर पहारा बसविला.

म्हणून नीति उग्र असावी कीं सावध, हा प्रश्न अर्धाच आहे. प्रत्येक बचाव कांहींतरी देतोच. उग्र बचाव मागची जागा देऊन प्रतिपक्षाचा वेळ हिरावतो. सावध बचाव पुढची जागा देऊन स्वतः वेळ मिळवितो. आपण जें देत आहों त्याची या घटकेस प्रतिपक्षाला किती किंमत आहे, हें ज्यानें पाहिलें त्याची कोणतीहि नीति चालते. ज्यानें तें पाहिलें नाहीं त्याची कोणतीहि फसते. जयद्रथाची कथा आठवावी. कौरवांस सूर्यास्तापर्यंतचा वेळ तेवढा काढावयाचा होता. द्रोणांनीं जयद्रथास सेनेच्या अगदीं पाठीमागें ठेविलें. अर्जुन दिवसभर वाट कापीत राहिला. कौरवांनीं भूमि देऊन वेळ विकत घेतला खरा, पण ती भूमि संपली तेव्हां अर्जुन जयद्रथासमोर उभा होता.

या खेळांतील जाणत्यांनीं एक तिसरा मार्गहि शोधला आहे. चौघेच इतके बलवान असावे कीं त्यांनींच क्वार्टरबॅकला गांठावें, आणि मागचे सातहि जागचे हलूं नयेत. ३ फेब्रुवारी २००८ रोजीं न्यू यॉर्क जायंट्स संघानें, तोंवर अठराहि सामने जिंकलेल्या पेट्रियट्सना १७-१४ असें नमविलें, तें मुख्यतः आघाडीच्या जोरावर. पुढें ९ फेब्रुवारी २०२५ रोजीं, पुन्हां न्यू ऑर्लिन्समध्येंच, फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे सूत्रधार विक फँजिओ यांनीं साऱ्या सामन्यांत एकदांहि ब्लिट्झ केला नाहीं. तरीहि त्याच माहोम्सला सहा वेळां चेंडूसह खालीं पाडलें आणि ईगल्स ४०-२२ असे जिंकले. पण असे चौघे मिळणें सोपें नाहीं. १९९४ पासून खेळाडूंच्या एकंदर वेतनास लीगनें मर्यादा घातली आहे. आघाडीवर द्रव्य वेंचलें तर दुसरीकडे हात आंखडावा लागतो. ज्याच्या घरांत पुंजी आहे त्यास कर्ज काढावें लागत नाहीं. ज्याच्यापाशीं ती नाहीं त्याला मागच्या रक्षणांतून गडी उसने घ्यावे लागतात, आणि ब्लिट्झ म्हणजे असें ऋणच होय. ऋण काढणें हें सदैव पाप नव्हे. पण तें फेडण्याची मुदत येथें तीन सेकंदांची असते.

शेवटीं एक गोष्ट मनास लागते. विल्यम्स यांचें पद दुसऱ्याच दिवशीं गेलें. बफेलोच्या बचावाचे सूत्रधार पुढच्या हंगामांतहि पदावर होते. जेट्सची त्या वर्षींची दुर्दशा हें कारण त्यांत असेलच. तथापि साहसानें झालेला नाश लोकांच्या डोळ्यांत खुपतो आणि सावधपणानें झालेला नाश दैवाच्या माथीं मारला जातो, हा जगाचा स्वभाव येथेंहि डोकावतो. त्यामुळें पुष्कळ कर्तीं माणसें शहाणपणाकडे न पाहतां दोष कोणत्या बाजूनें कमी लागेल तिकडे पाहूं लागतात. मैदान असो, दुकान असो वा दहा माणसांचें कुटुंब असो, राखणदारीचें काम ज्याच्याकडे आलें त्यानें स्वतःस एवढेंच विचारावें: पुढच्यास आज नेमकें काय हवें आहे, आणि तें मी माझ्याच हातानें तर देत नाहीं ना? याचें उत्तर हातीं आलें म्हणजे धांवून जावें कीं ठाण मांडावें, हें ठरविणें फारसें अवघड राहत नाहीं.