परिवर्तनीय लॅपटॉप

परिवर्तनीय लॅपटॉप हा पडदा मागे पूर्ण वळवून टॅबलेटप्रमाणेही वापरता येणारा सुवाह्य संगणक होय. बाजारात तो 'टू-इन-वन' किंवा 'थ्री-सिक्स्टी' या नावांनी ओळखला जातो. प्रोसेसर, स्मृती आणि साठवण या बाबतींत तो नेहमीच्या लॅपटॉपसारखाच असतो. त्याचे वेगळेपण बिजागरी, स्पर्शपडदा, लेखणी आणि यंत्राची स्थिती ओळखणारे संवेदक या चार गोष्टींत आहे. यातील प्रत्येक भागाला दोन निरनिराळ्या स्थितींत काम करावे लागते, त्यामुळे त्याच्या रचनेत कोठे ना कोठे तडजोड आढळते. विद्यार्थ्यासाठी असे यंत्र घेताना जाहिरातीतील आकड्यांपेक्षा या चार भागांची पारख अधिक उपयोगी पडते.

इतिहास

पुस्तकासारखा हाताळता येईल असा संगणक मुलांच्या हाती द्यावा, ही कल्पना अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये 'डायनाबुक' या नावाने मांडली. त्या काळी ती कागदावरच राहिली. १९९० च्या दशकाच्या आरंभी कॉम्पॅक कंपनीचा 'कॉन्चेर्टो' हा सुटा होणारा कळफलक आणि लेखणी असलेला संगणक बाजारात आला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची टॅबलेट आवृत्ती काढली. त्या पिढीतील अनेक लॅपटॉपचा पडदा मधल्या एकाच खुंटीवर गरकन फिरवून कळफलकावर पालथा टाकता येत असे. ही यंत्रे जड आणि महाग होती. शिवाय सगळा भार एकाच खुंटीवर पडत असे. २०१२ मध्ये लेनोव्होने 'योगा' मालिकेत दोन बिजागऱ्यांवर ३६० अंश वळणारा पडदा आणला आणि आज सर्वत्र दिसणारी रचना रूढ झाली. योगासनांशी नाते सांगणारे हे नाव यंत्राच्या निरनिराळ्या 'आसनां'ना चपखल बसते.

बिजागरी आणि चार स्थिती

बिजागरी हा या यंत्राचा कणा होय. तिच्यामुळे चार स्थिती शक्य होतात: नेहमीची लॅपटॉप स्थिती; पडदा मागे नेऊन यंत्र उलट्या 'व्ही'सारखे उभे करण्याची तंबू स्थिती; कळफलक खाली पालथा ठेवून पडदा पुढे आणण्याची स्टँड स्थिती; आणि दोन्ही भाग पाठीला पाठ लावून मिटण्याची टॅबलेट स्थिती. तंबू स्थिती दृक्‌श्राव्य पाठ पाहण्यास सोयीची असते, कारण टेबलावर जागा कमी लागते आणि कळफलकावर चुकून हात पडत नाही.

बिजागरीच्या आत घर्षणावर चालणारी पाती किंवा चकत्या असतात. पडदा कोणत्याही कोनात स्थिर राहावा आणि तरीही एका हाताने उघडता यावा, या दोन परस्परविरोधी अपेक्षा तिने पुऱ्या करायच्या असतात. त्यात स्पर्शपडद्याची भर पडते. लॅपटॉप स्थितीत बोटाने पडद्याला टोचले की तो मागेपुढे झुलतो. असे झुलणे जितके कमी, तितकी बिजागरी चांगली. दुकानात पडद्याच्या वरच्या कडेला बोट लावून ही परीक्षा क्षणात करता येते. पडदा नेहमी वरच्या कडेच्या मध्यावर धरून उघडावा. एका कोपऱ्याला धरून उघडल्यास दोन बिजागऱ्यांवर असमान ताण येतो आणि प्लॅस्टिकच्या कवचातील स्क्रू बसविलेल्या जागा कालांतराने तडकतात. कवच धातूचे असल्यास हा धोका कमी असतो.

संवेदक

यंत्र कोणत्या स्थितीत आहे हे त्याला संवेदकांमुळे कळते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये पडद्याच्या भागात एक आणि कळफलकाच्या भागात एक असे दोन त्वरणमापक असतात. गुरुत्वाकर्षणाची दिशा दोघांना वेगवेगळी जाणवते आणि त्या फरकावरून बिजागरीचा कोन काढला जातो. कोन साधारण १८० अंशांच्या पुढे गेला की कळफलक आणि टचपॅड आपोआप बंद होतात आणि पडद्यावरील मजकूर यंत्राच्या ठेवणीनुसार फिरतो. झाकण मिटल्याचे ओळखण्यासाठी चुंबक आणि हॉल संवेदक यांची जोडी वापरतात. मनगटावर चुंबकी पट्ट्याचे घड्याळ असेल, किंवा चुंबक असलेले मोबाइलचे पाकीट कळफलकाजवळ ठेवले असेल, तर पडदा मध्येच काळा पडतो. तो बिघाड नव्हे. चुंबक दूर करताच पडदा पूर्ववत होतो. घुटमळणारा ग्राहक अशा वेळी नाहक दुरुस्तीचा खर्च करून बसतो.

पडदा आणि लेखणी

पडद्याच्या काचेखाली विद्युतवाहक पारदर्शक जाळे असते. बोट टेकले की तेथील विद्युतधारकता बदलते आणि स्पर्शाचे ठिकाण कळते. बोटासाठी एवढे पुरते. बारीक अक्षर काढण्यासाठी मात्र सक्रिय लेखणी लागते. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका प्रकारात पडद्यामागील फलक विद्युतचुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि त्यावरच लेखणी चालते. तिच्यात बॅटरी नसते. दुसऱ्या प्रकारात लेखणीतच बॅटरी असते. दोन्ही प्रकारांत दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होते आणि अनेक लेखण्या दाबाच्या ४,०९६ पायऱ्या ओळखतात. एका पद्धतीची लेखणी दुसऱ्या पद्धतीच्या पडद्यावर चालत नाही, म्हणून ती स्वतंत्रपणे विकत घेण्यापूर्वी यंत्राला कोणती पद्धत चालते हे पाहणे आवश्यक ठरते. टोकाला रबर असलेल्या स्वस्त लेखण्या या दोहोंत मोडत नाहीत. त्या केवळ बोटाचे काम करतात.

लिहिताना तळहात काचेवर टेकतो. तो स्पर्श दुर्लक्षित करण्याच्या क्षमतेवर लेखनाची सहजता अवलंबून असते. गणिताची उदाहरणे, भूमितीच्या आकृत्या किंवा रसायनशास्त्रातील सूत्रे उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला कळफलकापेक्षा लेखणी जवळची वाटते आणि या यंत्रासाठी द्यावी लागणारी जादा किंमत बहुधा तेथेच वसूल होते. ज्याला लेखणीची गरज नाही, त्याने साधा लॅपटॉप घेतलेला बरा.

कळफलक आणि मराठी लेखन

टॅबलेट स्थितीत कळा खालच्या बाजूस येतात. त्या चुकून दाबल्या जाऊ नयेत म्हणून त्या निष्क्रिय होतात; काही थिंकपॅड योगा लॅपटॉपमध्ये तर कळांभोवतीची चौकट वर सरकून कळांच्या पातळीला येते. अशा वेळी पडद्यावरचा कळफलक वापरावा लागतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला ही गैरसोय वाटते. मराठी लिहिणाऱ्याला मात्र तिचा एक फायदा होतो. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या कळांवर देवनागरी अक्षरे क्वचितच छापलेली असतात. त्यामुळे भारत सरकारने प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट आराखडा नवशिक्याला पाठ करावा लागतो. पडद्यावरील कळफलकात तीच अक्षरे डोळ्यांसमोर दिसतात.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. क आणि ख, ल आणि ळ, र आणि ऱ या जोड्या एकाच कळीवर असून शिफ्ट दाबल्यास दुसरे अक्षर उमटते. शेवटची जोडी मराठीत विशेष महत्त्वाची आहे. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. हा भेद ऱ या अक्षरावाचून लिहिता येत नाही. उच्चारानुसारी पद्धतीने टंकन करणाऱ्यांसाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कळफलकही उपलब्ध झाला.

लेखणीने लिहिलेले मराठी हस्ताक्षर टंकित मजकुरात बदलणारी साधनेही आहेत. त्यातील काही साधने हात थोडा थांबताच अक्षर ओळखू लागतात. शब्द पुरा करून मग शिरोरेषा ओढण्याची सवय असलेल्याने मध्ये रेंगाळू नये, अन्यथा शिरोरेषा हे वेगळेच चिन्ह समजले जाते.

उष्णता, बॅटरी आणि वीज

बहुतेक उत्पादक लॅपटॉपच्या वापरासाठी सभोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सेल्सियस सांगतात. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथे आणि एकूणच पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणजे पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरील खोलीत ही मर्यादा दुपारी सहज ओलांडली जाते. परिवर्तनीय लॅपटॉपला हा जाच अधिक होतो. तो पातळ असतो, पंखा लहान असतो आणि टॅबलेट स्थितीत मांडीवर, गादीवर किंवा हातात धरल्याने हवेच्या फटी झाकल्या जातात. तापल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे यंत्र संथ झाल्याचे जाणवते. दुपारच्या वेळी तंबू किंवा स्टँड स्थितीत, कठीण पृष्ठभागावर, पंख्याच्या वाऱ्यात ते ठेवणे उत्तम. कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, कारण त्यातील हवा दमट असते.

उष्णतेचा खरा बळी लिथियम-आयन बॅटरी ठरते. पूर्ण भरलेल्या आणि तापलेल्या अवस्थेत ती लवकर जीर्ण होते. सतत विजेवर चालणाऱ्या यंत्रात भरणा ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय असल्यास ती चालू ठेवावी. बॅटरी फुगल्यास टचपॅड वर उचलला जातो किंवा झाकण नीट मिटत नाही. अशा वेळी यंत्र बंद करून बॅटरी बदलून घ्यावी. ती टोचणे किंवा दाबणे आगीस निमंत्रण देणारे ठरते.

तिरोड्यालगत ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. तथापि गावाजवळ वीज तयार होते म्हणून घरातील जोडणी निर्दोष असते असे नाही. लॅपटॉपचे अडॅप्टर साधारणपणे १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब स्वीकारते, त्यामुळे दाब काहीसा कमी झाल्यास बिघडत नाही. धातूच्या कवचाला हात लावल्यावर हलक्या मुंग्या जाणवल्या, तर बहुधा अडॅप्टर दोन पिनांचे असते किंवा घरातील अर्थिंग सदोष असते. लॅपटॉप आणि अडॅप्टर या दोहोंना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी बंधनकारक असून तिचा क्रमांक लेबलावर छापलेला असतो. बदली अडॅप्टर घेताना तो पाहावा.

जोडण्या व दुरुस्ती

पातळपणामुळे कडेला जोडण्या कमी असतात: एक किंवा दोन यूएसबी-सी, क्वचित एचडीएमआय आणि हेडफोनची जागा. चालू-बंदचे आणि आवाजाचे बटण अनेकदा बाजूच्या कडेवर असते, जेणेकरून पडदा कोणत्याही स्थितीत असला तरी ते हाती लागावे. काच, स्पर्शजाळे आणि दृश्यपटल बहुधा एकमेकांना चिकटविलेले असल्याने नुसती काच फुटली तरी संपूर्ण संच बदलावा लागतो आणि हाच दुरुस्तीतील सर्वांत मोठा खर्च असतो. स्मृती अनेकदा मुख्य फलकावर कायमची जोडलेली असते. ती नंतर वाढविता येत नाही, म्हणून पुढील चार-पाच वर्षांच्या गरजेचा विचार खरेदीच्या वेळीच करावा लागतो. साठवणीची चकती मात्र बऱ्याच यंत्रांत बदलता येते.