दाढ काढावी की राखावी?

आपल्या ट्रस्टच्या रौप्य महोत्सवी स्मरणिकेसाठी "शिक्षणावर काहीतरी लिहा" असा निरोप चिटणीसांकडून आला, तेव्हा मी होकार दिला खरा. पण लिहावयास बसलो आणि डोळ्यांपुढे आला तो एका विद्यार्थिनीचा सुजलेला गाल. तो काही केल्या हटेना. तेव्हा विषय बदलल्याबद्दल संपादक मंडळाने क्षमा करावी. मी दातांविषयी लिहितो आहे.

ही मुलगी माझ्या वर्गात चौथीला होती. वडील लूमच्या खात्यात रात्रपाळीला, आई घरी साड्यांना लेस लावण्याचे काम करणारी. कुटुंब आपल्या खानदेशातलेच. तीन दिवस ती गालाभोवती ओढणी बांधून आली. चौथ्या दिवसापासून आलीच नाही. आठवड्याने परतली ती एक दाढ गमावून. वस्तीतल्याच कोणा माणसाने शंभर रुपयांत ती उपटून दिली होती. मी आईला बोलावून विचारले. ती माउली अगदी निर्धास्त होती. म्हणाली, "दूधना दात व्हता सर, परत यी."

तो दुधाचा दात नव्हता, आणि परत येणार नव्हता. पण खरे सांगावयाचे तर त्या क्षणी हे मलाही ठाऊक नव्हते. पदवी घेतली, अध्यापनाचे शिक्षण घेतले, वर्गात मुलांस दातांची चित्रे काढून दाखविली. तरी ही गोष्ट मला पुढे एका परिचित दंतवैद्यांनी समजावून सांगितली तेव्हाच कळली. ती सर्व आईबापांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे, म्हणून प्रथम तीच सांगतो.

लहान मुलास दुधाचे दात वीस असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्या विसांच्या मागे, वर दोन व खाली दोन, अशा चार दाढा उगवतात. त्यांच्या जागी आधी कोणताही दात नसतो, त्यामुळे काही पडत नाही, रक्त येत नाही, मूल तक्रार करीत नाही. घरात कोणास पत्ताही लागत नाही. याच त्या पहिल्या कायमच्या दाढा. जन्मभर चावण्याचा मोठा भार त्यांवर, आणि किडतातही बहुधा त्याच आधी. कारण त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यांत बिस्किटाचा लगदा बसतो, आणि मूल इतक्या मागे ब्रश नेत नाही. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचे वरचे कठीण कवच हळूहळू विरघळविते. हे कवच एकदा झिजले की पुन्हा वाढत नाही. कीड कवचात वा त्याखालच्या थरात असेतोवर दंतवैद्य एका बैठकीत, थोडक्या खर्चात ती कोरून सिमेंट भरतो व दाढ वाचते. ती आतल्या नसेपर्यंत पोहोचली, म्हणजे ठणका सुरू होतो. ठणका लागल्यावर दोनच वाटा उरतात: नसेचा उपचार, ज्याला आपण रूट कॅनाल म्हणतो, किंवा दाढ काढणे. पहिलीला खाजगीत काही हजार रुपये व दोन-तीन फेऱ्या लागतात. दुसरी स्वस्तात व एका दिवसात उरकते. आपल्या वस्तीत दुसरीच का निवडली जाते, हे निराळे सांगावयास नको.

आता माझ्या अपराधाचा भाग. त्या मुलीच्या दाढेची कीड ठणका लागण्यापूर्वी कित्येक महिने सापडलेली होती, आणि ती सरकारी खर्चानेच सापडली होती! फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढील उपचार विनामूल्य व्हावे अशी ही योजना आहे. सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणीचे पथक यावयाचे असते, आणि ते पाहते त्या दोषांच्या यादीत दातांचे विकारही आहेत. आमच्या शाळेत पथक आले, मुलीचे तोंड पाहिले, पुढील उपचारासाठी चिठ्ठी लिहिली. मी ती चिठ्ठी मुलीच्या हाती दिली व हजेरीपटाशेजारी बरोबरची खूण केली. माझे कर्तव्य संपले! चिठ्ठी गुजरातीत होती. आईला जेमतेम मराठी वाचता येते, आणि वडील सकाळी घरी येऊन झोपतात तेव्हा मुलगी शाळेत असते. दप्तराच्या कप्प्यात ती चिठ्ठी मला पुढे सापडली, चार घड्या घातलेली.

सरकार दातांसाठी काहीच करीत नाही असे जे सरसकट बोलले जाते ते बरोबर नाही. आपल्या सुरतेत नव्या सिव्हिल इस्पितळात दंतविभाग आहे, महापालिकेच्या स्मिमेर इस्पितळातही आहे. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालये व त्याखालील दवाखाने यांना दंतखुर्ची, उपकरणे, औषधसामग्री व कंत्राटी कर्मचारी यांसाठी केंद्राकडून साहाय्य देण्याची सोय झाली. ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात त्या केंद्रांच्या बारा सेवांतही तोंडाच्या आरोग्याची प्राथमिक सेवा धरलेली आहे. अहमदाबादेस १९६३ पासून सरकारी दंतमहाविद्यालय आहे. मुंबईत नायर इस्पितळाचे दंतमहाविद्यालय महानगरपालिका चालविते. अशा ठिकाणी शिकाऊ डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ लागतो, पण पैसे थोडे पडतात. दिवाळीत गावी जाणाऱ्या मंडळींनी धुळ्याचे दंतमहाविद्यालयही ध्यानात ठेवावे. ते खाजगी आहे, तरी शिकविण्यासाठी रुग्ण हवेच असतात.

धर्मादाय संस्थेच्या स्मरणिकेत एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. या देशातले पहिले दंतमहाविद्यालय सरकारने काढलेले नाही. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी ते १९२० साली कलकत्त्यास काढले, आणि त्याचा खर्च निघावा म्हणून 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' या नावाचे दुकान चालविले. गोड पेये विकून दातांचे कॉलेज! पुढे १९४९ मध्ये त्यांनी ते कॉलेज सरकारच्या स्वाधीन केले. आज देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत. पैकी बहुतेक खाजगी, आणि तेथून बाहेर पडणारे डॉक्टर बहुधा शहरांतल्या चांगल्या वस्तीत दवाखाना थाटतात.

मग अडते कोठे? पहिली अडचण कार्डाची. आपल्या पुष्कळ कुटुंबांकडे आयुष्मान कार्ड आहे. २०१८ साली ही योजना निघाली तेव्हा कुटुंबामागे वर्षास पाच लाखांचे संरक्षण होते. गुजरातेत २०२३ पासून ते दहा लाख झाले. इतके मोठे आकडे ऐकल्यावर मनुष्यास वाटणारच की यात एक दाढ सहज भरून मिळेल. तो कार्ड घेऊन जातो व हिरमुसून परत येतो. कारण हे कार्ड इस्पितळात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. जबडा मोडला, जबड्यात गाठ झाली, तोंडाचा कर्करोग झाला, तर ते चालते. दाढेत सिमेंट भरणे, दात साफ करणे, कवळी बसविणे ही बाहेरच्या बाहेर होणारी कामे. त्यांना चालत नाही. किडलेली दाढ मोफत भरून हवी असेल तर कार्ड नव्हे, सरकारी इस्पितळाच्या दंतविभागाचा केस कागद लागतो.

ज्यांच्या पगारातून ई.एस.आय. कापला जातो त्यांची गोष्ट वेगळी. १९४८ च्या कायद्याने ही योजना निघाली. २०१७ पासून महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असणारे तीत आले, आणि २०१९ पासून कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का व मालकाचा सव्वातीन टक्के झाला. तिच्यात बाहेरचा उपचारही मिळतो, कुटुंबासही मिळतो, आणि त्यात दातही येतात. आपल्या भागातल्या डाइंग मिलमध्ये काम करणाऱ्या बंधूंनी पगाराची पावती नीट पाहावी. कपात होत असून ज्यांनी घरच्यांची नावे कधी चढविलीच नाहीत असे सभासद मला या एका गल्लीत भेटले आहेत. लूमच्या लहान खात्यांतल्या कारागिरांस मात्र बहुधा हा आधार नाही. दहाहून कमी माणसे, हजेरीपट नाही, सगळा मामला मीटरवर.

दात हे शरीराबाहेरचे मानण्याची ही रीत आपलीच आहे असे समजू नये. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे पहिले दंतमहाविद्यालय निघाले, तेव्हापासून दातांचे डॉक्टर वेगळे व बाकी देहाचे वेगळे अशी वाटणी जगभर रूढ झाली, आणि खर्चाचा हिशोबही वेगळा राहिला. इंग्लंडने जुलै १९४८ मध्ये सर्व उपचार मोफत केले. कवळ्यांसाठी अशी झुंबड उडाली की तीन वर्षांतच, १९५१ मध्ये, कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविण्याचे ठरले. ज्या मंत्र्याने ही सेवा उभी केली त्या अन्यूरिन बेव्हनने याच कारणास्तव राजीनामा दिला. पुढच्या वर्षी दातांच्या उपचारावरही आकार आला. कॅनडात डॉक्टर सरकारी खर्चाने मिळतो. पण कमी उत्पन्नाच्या लोकांस दंतोपचार देणारी देशव्यापी योजना तेथे अलीकडे, २०२४ मध्ये, प्रत्यक्ष सुरू झाली.

दुसरी अडचण फेऱ्यांची, आणि माझ्या मते हीच मोठी. सिव्हिलमध्ये केस काढावयाचा तर सकाळी रांगेत उभे राहावे लागते. दिवसपाळीचा मनुष्य गेला तर रोज बुडतो. रात्रपाळीचा बारा तास उभा राहून आलेला असतो, त्याने पुन्हा उभे राहावयाचे. उपचार फुकट, पण तीन फेऱ्यांचा उपचार म्हणजे तीन रोज व जाण्यायेण्याची रिक्षा. मग डॉक्टर म्हणतात "दाढ वाचेल, पुन्हा या," आणि कारागीर म्हणतो "साहेब, काढूनच टाका." यात डॉक्टरांस बोल लावण्यात अर्थ नाही, आणि कारागिरासही नाही.

येथे तंबाखूविषयी दोन शब्द लिहितो. उपदेश करीत नाही. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून मावा का खाल्ला जातो हे मला ठाऊक आहे. आमच्या अम्मीही मशेरी लावीत; दात मजबूत होतात अशी त्यांची पक्की समजूत होती. आजोबा मात्र मिस्वाक वापरीत आणि शेजारचे पाटीलबाबा निंबाची काडी, व दोघांची बत्तिशी म्हातारपणीही शाबूत होती. सांगावयाचे ते एवढेच. तोंड उघडून आपलीच तीन बोटे उभी आत जात नसतील, तिखट घास सोसत नसेल, किंवा पांढरा-तांबडा चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी होत नसेल, तर दुखत नसले तरी दंतविभागात दाखवावे. बायाबापड्यांनी संकोच करू नये. या व्यवस्थेतली गंमत, गंमत कसली म्हणा, अशी आहे की कर्करोग झाल्यावर कार्ड लाखोंचा खर्च उचलते, आणि तो आरंभीच दिसावा म्हणून लागणाऱ्या पाच मिनिटांच्या तपासणीसाठी मनुष्यास आपला रोज बुडवून जावे लागते.

आता थोडे घरचेच. आपल्या ट्रस्टचा वैद्यकीय मदतीचा नियमही, क्षमा असावी, असाच आहे. इस्पितळात दाखल झाल्याचा कागद जोडल्याशिवाय अर्ज मंजूर होत नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता; थोडा पैसा मोठ्या संकटांसाठी राखावा. परंतु दाढेसाठी कोणी दाखल होत नाही. महोत्सवी वर्षात विश्वस्तांनी दोन गोष्टींचा विचार करावा असे मला सुचवावेसे वाटते. आठवड्यातला एक दिवस ठरवून आपला एखादा निवृत्त सभासद सिव्हिलच्या दंतविभागात हजर राहावा, म्हणजे केस काढणे, खोली शोधणे, चिठ्ठी वाचून सांगणे यांत नवख्या माणसाची सकाळ फुकट जाणार नाही. आणि ज्यास दाढ वाचविण्यासाठी पुन्हा बोलाविले असेल त्यास दुसऱ्या व तिसऱ्या फेरीचा बुडालेला रोज ट्रस्टने द्यावा. उपचाराचा खर्च द्यावयाचा नाही, तो सरकार करतेच. कवळीचा प्रश्न यातून सुटत नाही, हे खरे. आपल्या वृद्ध मंडळींची ती मोठी गरज आहे, आणि तिचा खर्च कोणी करावा याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

ती मुलगी आता सहावीत आहे. गेलेल्या दाढेच्या मोकळ्या जागेकडे शेजारचे दात कलू लागले आहेत. ती एकाच बाजूने चावते. तिचा धाकटा भाऊ माझ्या शाळेत पहिलीत आला. यंदाच्या तपासणीत त्यालाही चिठ्ठी मिळाली. या वेळी मी तिच्या पाठीमागे मराठीत चार ओळी लिहिल्या, आणि रविवारी स्वतः घरी गेलो. वडील जागे होते. चिठ्ठी उलटसुलट पाहून त्यांनी विचारले, "किती फेऱ्या?" मी म्हणालो, बहुधा एकच. मंगळवारी रात्रपाळी सुटताच ते मुलास घेऊन परस्पर सिव्हिलला गेले. दाढेत सिमेंट भरून दोघे साडेअकराला घरी आले, आणि संध्याकाळच्या पाळीपर्यंत त्यांची झोपही झाली.