चकली टिकते, पुरणपोळी का टिकत नाही?

मेस बंद असली की हॉस्टेलवाल्यांचा आधार म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. तिथलं तयार खाणं चवीने खाच, पण एकदा पाकिटांवरच्या तारखाही बघा. चकली दोन-तीन महिने टिकते. राजम्याचं पाऊच फ्रिजशिवाय वर्षभर राहतं. इडलीचं पीठ फ्रिजमध्ये ठेवूनही काही दिवसांचंच. ताजी पुरणपोळी तर दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. असं का?

पटकन सुचणारं उत्तर म्हणजे "ज्यात पाणी जास्त, ते लवकर खराब होतं." पण मधात साधारण १८ टक्के पाणी असतं आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. गव्हात तेवढंच पाणी असेल तर बुरशी धरते. म्हणजे आपण चुकीची राशी मोजतोय.

ऑस्ट्रेलियातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं की किती पाणी आहे यापेक्षा सूक्ष्मजीवांना त्यातलं किती वापरता येतं, हे महत्त्वाचं. या मापाला 'जलक्रियता' म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत आणि ०.६ च्या खाली कुठलाच सूक्ष्मजीव वाढत नाही. मधातलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं. चकलीतलं पाणी तळताना उडून जातं, म्हणून तिला बुरशी लागत नाही. ती खवट होते, कारण तेलाचं ऑक्सिडीकरण होतं.

मग ओलसर राजमा कसा टिकतो? तो पाऊचमध्ये सीलबंद करून दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे चिवट बीजाणू मारणं हा त्यामागचा मुख्य हेतू. पाऊच फोडलं की हे संरक्षण संपलं. उरलेला राजमा तसाच टेबलावर ठेवू नका.

आता एक गंमत. इडलीच्या पिठाचं पाकीट थोडं फुगलं, तर आतले जिवाणू आंबवताना कार्बन डायऑक्साइड सोडताहेत, एवढंच. ते तर त्यांचं कामच आहे! पण राजम्याचं पाऊच फुगलं असेल तर ते चाखूनसुद्धा बघू नका, सरळ फेकून द्या. तिथे आत काहीही जिवंत असायला नको होतं. निरीक्षण एकच, पण प्रक्रिया माहीत नसेल तर अर्थ उलटा लागतो.

संशोधनाची तयारी करताना हेच लागतं. आधी योग्य राशी निवडा, मग मोजा. पुढच्या वेळी दुकानात गेलात की कुठलंही एक पाकीट उचला आणि स्वतःला विचारा: इथे सूक्ष्मजीवांना कोणी अडवलंय? कोरडेपणाने, आम्लाने, उष्णतेने की थंडीने? उत्तर मिळालं की ते खायचं कधी आणि ठेवायचं कुठे, हे वेगळं विचारावं लागणार नाही.