निवडसूत्र एक, ब्राउझर अनेक

सोलापुरी चादरीवरची नक्षी कशी उमटते? मागाच्या डोक्यावर जॅकार्डचे यंत्र बसवलेले असते. त्यात भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे एकामागून एक येतात. कार्डाला जेथे भोक असेल तेथील सुई आत शिरते, तिचा आकडा वर ओढला जातो व त्याला बांधलेले ताण्याचे धागे उचलले जातात. भोक नसेल तेथील धागे खालीच राहतात. मधल्या फटीतून धोटा जातो. म्हणजे कार्ड स्वतः नक्षी काढत नाही. या फेरीला कोणते धागे उचलायचे, एवढेच ते निवडून देते.

आता कल्पना करा की, एका मागाचे आकडे डावीकडून मोजले आहेत आणि दुसऱ्याचे उजवीकडून. कार्ड तेच ठेवले तरी दुसऱ्या मागावर नक्षी उलटी येईल. कार्डात दोष नाही. दोन यंत्रांनी त्याचा अर्थ वेगवेगळा लावला. वेबपाने दाखवणाऱ्या ब्राउझरांच्या बाबतीत कित्येक वर्षे असेच घडत होते. त्यावर जो उपाय शोधला गेला, तो विज्ञानाच्या शिक्षकांना ओळखीचा वाटेल.

निवडसूत्राचे काम

सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत. त्यांचा तक्ता एका वेबपानावर आहे असे समजू. ब्राउझरच्या दृष्टीने हे पान म्हणजे घटकांचे एक झाड असते: पानात तक्ता, तक्त्यात ओळी, ओळीत रकाने. एखाद्या घटकाला स्वतःचे एकमेव नाव देता येते, त्याला 'आयडी' म्हणतात. एकाच प्रकारच्या अनेक घटकांना मिळून एक नाव देता येते, तो त्यांचा 'क्लास' किंवा वर्ग. 'पंढरपूर हा आयडी असलेली ओळ' किंवा 'दुष्काळी या वर्गातील सर्व ओळी' अशी मागणी ज्या छोट्या सूत्राने करतात, त्याला सिलेक्टर म्हणतात. आपण त्याला निवडसूत्र म्हणू. घटक हाती आला, की त्याचा रंग बदलणे, तो लपवणे, त्यात मजकूर भरणे ही पुढची कामे होतात. निवडच चुकली तर पुढचे सगळे चुकते.

निवडसूत्रांचे नियम १९९६ सालच्या 'सीएसएस' या मानकात आले. तेव्हा त्यांचे काम पानाची सजावट ठरवण्यापुरते होते. जावास्क्रिप्ट या भाषेतून निवडसूत्र देऊन घटक मिळवण्याची सोय ब्राउझरांमध्ये २००८-०९च्या सुमारास येऊ लागली. मधल्या काळातील उणीव जावास्क्रिप्टच्या ग्रंथालयांनी भरून काढली. ग्रंथालय म्हणजे इतरांनी वापरावी म्हणून तयार करून ठेवलेली आज्ञावली. जॉन रेसिग यांचे 'जेक्वेरी' हे २००६ सालचे ग्रंथालय त्यांपैकी सर्वांत गाजलेले. २००९च्या जानेवारीत त्याच्या १.३ या आवृत्तीत 'सिझल' नावाचे निवडयंत्र बसवले गेले. ब्राउझरांच्या परस्परविसंगत वागण्यावर केलेले इलाज या सिझलमध्ये एकत्र पाहायला मिळतात.

नाव विचारू नका, परीक्षा घ्या

एक उदाहरण घेऊ. इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीपर्यंत एक खोड होती. 'पंढरपूर हा आयडी असलेला घटक दे' असे सांगितले, तर तो आयडी न पाहता 'नेम' या दुसऱ्याच गुणधर्मात पंढरपूर असलेला घटकही देऊन टाकत असे. हजेरी घेताना विद्यार्थ्याचे नाव पुकारावे आणि तेच नाव वडिलांच्या रकान्यात असलेला दुसराच मुलगा 'हजर' म्हणून उभा राहावा, तसा हा प्रकार.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे ब्राउझरला त्याचे नाव विचारणे आणि नाव इंटरनेट एक्सप्लोरर असेल तर वेगळी वाट धरणे. पण हा उपाय कच्चा आहे. ब्राउझर आपली ओळख खोटीही सांगतात. शिवाय पुढच्या आवृत्तीत तो दोष दुरुस्त झाला, तरी आपली आज्ञावली त्याला दोषीच धरून बसते.

सिझलने दुसरी वाट धरली. पान उघडताच ते एक छोटा घटक तयार करते. त्याच्या 'नेम'मध्ये त्या क्षणाच्या वेळेवरून बनवलेले नाव घालते, म्हणजे पानातील दुसऱ्या कशाशी ते जुळू नये. मग तेच नाव आयडी म्हणून मागते. खरे तर काहीच मिळायला नको. घटक मिळालाच, तर हा ब्राउझर दोषी ठरतो. मग प्रत्येक घटकाचा खरा आयडी तपासून पाहणारी वेगळी पद्धत लागू होते. शेवटी परीक्षेसाठी घातलेला घटक काढून टाकला जातो.

बाटलीवरच्या चिठ्ठीवर विसंबून न राहता द्रावणात लिटमस बुडवून पाहावा, तशीच ही रीत आहे. भाकीत, प्रयोग, निरीक्षण आणि मग निर्णय. ज्या ब्राउझरचे नावही तेव्हा कोणी ऐकले नव्हते, त्यालाही ही परीक्षा लागू पडते.

देवनागरी नावांची अडचण

वर्गाचे नाव देवनागरीत ठेवता येते का? मानकानुसार येते. इतकेच नव्हे, तर नावाच्या सुरुवातीला १, २, ३ असे देवनागरी अंकही चालतात. आंतरराष्ट्रीय अंकांनी सुरू होणारे नाव मात्र निवडसूत्रात सरळ लिहिता येत नाही. प्रत्यक्षात या मुभेची वाट सोपी नव्हती.

जावास्क्रिप्टमध्ये 'शब्दातील अक्षर' ओळखण्याची एक जुनी खूण आहे. तिच्या लेखी अक्षरे म्हणजे फक्त रोमन अक्षरे, आंतरराष्ट्रीय अंक आणि अधोरेघ. 'सोलापूर' या शब्दातील एकही चिन्ह तिला अक्षर वाटत नाही. २०१८ साली 'कोणत्याही लिपीतील अक्षर' अशी नवी खूण आली. पण युनिकोडमध्ये मात्रांचा गट अक्षरांहून वेगळा असल्याने, नुसती हीच खूण वापरली तर 'सोलापूर'चे स, ल, प, र असे चार तुकडे पडतात. मात्रांचा गट वेगळा जोडावा लागतो. सिझलने रोमनबाहेरच्या चिन्हांचा जवळजवळ सगळा पट्टाच नावासाठी ग्राह्य धरला होता. देवनागरी त्यात आपोआप आली.

त्या काळच्या सफारी ब्राउझरची आणखी एक खोड सिझलच्या आज्ञावलीतील टिपेत नोंदलेली आहे. पान जुन्या सैल पद्धतीने वाचले जात असेल, तर मोठ्या लिपीतील रोमन अक्षरे किंवा युनिकोडमधील इतर अक्षरे असलेली निवडसूत्रे त्याला हाताळता येत नसत. येथेही परीक्षाच घेतली गेली: मोठ्या रोमन अक्षरांतील वर्गनाव असलेला एक परिच्छेद बनवायचा आणि तो सापडतो का ते पाहायचे. सापडला नाही, तर ब्राउझरची सोय बाजूला ठेवून सिझलने स्वतः शोध घ्यायचा. दुरुस्ती पुढे पुन्हा बिघडू नये म्हणून ग्रंथालयासोबत चाचण्यांचा संच ठेवतात. जेक्वेरीच्या संचात चिनी लिपीतील 'तैपेई' हे नाव आहे, ते याचसाठी.

दिसायला एक, लिहायला तीन

ब्राउझरांच्या या जुन्या खोडी आता मागे पडल्या आहेत. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार २०२२ साली संपला. पण मराठीपुरता एक प्रश्न शिल्लक आहे आणि तो कोणत्याही ब्राउझरचा दोष नाही.

आषाढी वारीच्या माहितीपानावर 'वारकऱ्यांसाठी' असा वर्ग केला आहे असे समजू. यातील 'ऱ्य' संगणकात तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. पहिला: युनिकोडमधील स्वतंत्र 'ऱ', हलन्त आणि य. दुसरा: साधा र, त्याखाली नुक्ता, हलन्त आणि य. तिसरा: साधा र, हलन्त, एक न दिसणारे जोडचिन्ह आणि य. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पण 'वारकऱ्यांसाठी'मधील चिन्हे मोजली, तर पहिल्या प्रकारात ती १३ भरतात आणि उरलेल्या दोन्ही प्रकारांत १४.

निवडसूत्र जुळवताना ब्राउझर चिन्हामागून चिन्ह ताडून पाहतो, अक्षराचे रूप पाहत नाही. पान एकाने एका कळफलकावर लिहिले आणि निवडसूत्र दुसऱ्याने दुसऱ्यावर, तर वारकऱ्यांसाठीची सूचना पानात असूनही सापडणार नाही आणि चूक डोळ्यांना दिसणारही नाही. हीच गत नावांच्या याद्यांची. 'कऱ्हाडे' आडनावाचा विद्यार्थी यादीत असून शोधात सापडत नाही, तेव्हा कारण येथे असू शकते.

उपायही अर्धाच उपलब्ध आहे. जावास्क्रिप्टमध्ये २०१५पासून 'नॉर्मलाइज' ही आज्ञा आहे. ती पहिल्या दोन प्रकारांना एका रूपात आणते. तिसरा मात्र तसाच राहतो, कारण युनिकोड त्याला त्यांच्या बरोबरीचा मानत नाही. त्यासाठी र, हलन्त आणि जोडचिन्ह असा क्रम दिसताच तेथे 'ऱ' व हलन्त घालण्याचा नियम आपणच लिहावा लागतो. तो मजकूर साठवतानाच लावावा हे उत्तम.

शाळेच्या संगणकावर हा प्रयोग सहज करता येईल. 'वारकऱ्यांसाठी' हा शब्द मुलांना वेगवेगळ्या कळफलकांवर, काहींना मोबाइलवर टंकित करायला सांगावा. सगळे शब्द एका पानात एकत्र करून ब्राउझरच्या कॉन्सोलमध्ये प्रत्येकाची लांबी मोजावी. मोजण्याआधी प्रत्येकाने आपले उत्तर वहीत लिहून ठेवावे. लांबी सारखी आली तरी शब्द एकच असे समजू नये. दोन शब्द समान आहेत का, हेही संगणकाला वेगळे विचारावे. १४ आणि १४ येऊनही 'नाही' असे उत्तर मिळाले, तर त्याचे कारण मुलांनाच शोधू द्यावे.