खाडीच्या चिखलातले पाहुणे
भातकापणीनंतर किनाऱ्याच्या गावांना पक्षी-सहलीचा जोडधंदा

भात झोडून घरात आलं, की आंब्याला मोहोर फुटेपर्यंत महिना-दीड महिना मधे जातो. दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीत हे दिवस जरा मोकळे असतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. त्यातून कासव महोत्सव उभा राहिला आणि गावकऱ्यांच्या घरी पाहुणे उतरू लागले. पण कासवांचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिलचा. दिवाळीच्या सुमाराला त्याच खोल्या रिकाम्या असतात, आणि नेमके तेव्हाच आपल्या खाड्यांत परदेशी पक्षी उतरलेले असतात.

गावच्या बैठकीत हा विषय काढला, की एखादे आजोबा हमखास विचारतात, "साहेब, त्या चिखलात बघण्यासारखं काय ठेवलंय?" प्रश्न रास्त आहे. शेताच्या बांधावर शेपटी हलवत फिरणारा धोबी आपण सगळेच बघतो. पावसाळा सरताना तो येतो आणि उन्हाळ्यात दिसेनासा होतो. तो उत्तरेकडून येतो. तसेच सैबेरिया, मंगोलिया, तिबेट, कझाकस्तान या भागांतून कितीतरी पाणपक्षी ऑगस्टपासून आपल्या किनाऱ्याला येऊ लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खाडी त्यांनी गजबजते.

चिखल हे त्यांचं शेत

खाडीचा चिखल वरून ओसाड दिसतो, पण त्याच्या पोटात किडे, अळ्या, बारीक शिंपले, कुर्ल्यांची पिल्लं ठासून भरलेली असतात. प्रत्येक पक्ष्याची चोच म्हणजे त्याचं अवजार. चिखल्याची चोच आखूड, म्हणून तो वरवरचं टिपतो. तुतारी चोच थोडी आत खुपसते. कोरलची वाकडी चोच तर चांगलीच लांब, ती खोल बिळातली कुर्ली बाहेर ओढते. एकाच चिखलात सगळे जेवतात आणि फारसं भांडण होत नाही. आपण परसात सुरण, मिरची, वेल अशी वेगवेगळ्या थरांची लागवड करतो, त्यातलाच हा प्रकार.

छोटा वाळूचिखल्या जेमतेम साठ-सत्तर ग्रॅमचा. एवढासा जीव हिमालयापलीकडून येतो आणि पोचतो तेव्हा थकून गेलेला असतो. लांब पल्ल्याचे पक्षी किती उडतात, याचा एक दाखला सांगतो. २०२२ च्या ऑक्टोबरात पट्टेरी शेपटीच्या गॉडविट जातीचं पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला गेलं. अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर, वाटेत कुठेही न उतरता! अंगावरच्या यंत्रामुळे ही नोंद झाली. याच जातीचे काही पक्षी हिवाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालाही येतात.

चार दिवसांची सहल

माहीतगार माणूस बरोबर असेल, तर चार दिवस सहज भरतात. मुंबई-पुण्याचा पाहुणा खेड स्टेशनवरून किंवा रस्त्याने दापोलीत पोचतो. पहिला दिवस आंजर्ल्याच्या खाडीचा. दुसरा हर्णै बंदराचा. तिथे मासळीच्या लिलावावर कुरव पक्षी घिरट्या घालतात. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी वीण करतो. आपल्याकडे असताना मात्र त्याचं डोकं पांढरं असतं आणि डोळ्यामागे काळा ठिपका. हे सांगायलाच वाटाड्या लागतो. तिसरा दिवस केळशीची पुळण आणि कांदळवन. चौथा वेळासचा. तिथे समुद्र गरुड नजरेस पडतो, आणि बाणकोटच्या खाडीवर सुरय पाण्यात सूर मारताना दिसतात. संध्याकाळी कातळसड्यावर चक्कर मारली, तर गवतावरून खालून उडणारा भोवत्या दिसण्याची शक्यता असते. हा उंदीर आणि टोळ खातो, म्हणजे आपला फुकटचा राखणदारच.

भरतीचं गणित

वाटाड्याला पुस्तकाआधी भरती-ओहोटी कळली पाहिजे, आणि ती आपल्या माणसाला जन्मापासून ठाऊक असते. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकराला. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. थोडंफार मागेपुढे होतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी सात ते दहा पाणी चढत असतं. चिखल बुडत जातो तसे पक्षी काठाकडे सरकतात. ऊन कोवळं, पक्षी जवळ. अष्टमीला उलट. भर दुपारी ओहोटी, पक्षी लांब आणि उन्हाच्या झळांत काही नीट दिसत नाही. पाहुण्यांना तारखा देताना पंचांग बघूनच द्या. ८×४० ची एक दुर्बीण आणि मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' एवढं भांडवल सुरुवातीला गटात मिळून घ्यावं.

पैसा कुठे आणि धोका कुठे

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. आपल्याकडच्या गटांनीही तो नमुना बघून यावा. होडीवाल्याला फेरी मिळते, वाटाड्याला रोज मिळतो, घरवालीच्या घावन-चटणीला, कुळथाच्या पिठल्याला आणि सोलकढीला गिऱ्हाईक मिळतं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं आहे. त्याखाली शेतकऱ्याला नोंदणी करता येते.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. भरतीला चिखल बुडाला, की पक्षी पुळणीच्या टोकाला थवा करून विसावतात. तेव्हा कुणी गाडी घातली, कुत्रं सोडलं किंवा फोटोसाठी थवा उठवला, तर खाऊन साठवलेली ताकद उडण्यातच खर्ची पडते. असं रोज घडलं, तर पक्षी ती जागा सोडतो. म्हणून गावानेच नियम करावा: पुळणीवर गाडी नाही, थव्यापासून शंभर पावलं लांब थांबायचं, आणि खाजणाच्या बांधावरूनच चालायचं.

दुसरा धोका भरावाचा. खाजणात माती टाकली की जागा मिळते, पण चिखल मेला की पक्षी गेले. त्याच्याबरोबर निवट्या, तिसऱ्या आणि कोळंबीची पिल्लंही गेली. कांदळ तोडला तर लाटेचा मारा थेट खारबंदीच्या बांधावर येतो आणि खारं पाणी भातात शिरतं. हे नुकसान पक्ष्यांपेक्षा आपलं जास्त.

मंडळी, भात आपण पेरतो तेव्हा पिकतं. खाडीचं हे पीक न पेरता दरवर्षी येतं. राखण तेवढी आपल्याला करायची आहे. येत्या ग्रामसभेत बचत गट, होडीवाले आणि तरुण मुलं यांनी एकत्र बसून हा विषय जरूर घ्यावा.