क्रिस्टियाने हॉर्बिगर : रंगमंच ते दूरचित्रवाणी

व्हिएन्नात १९३८ साली जन्मलेल्या क्रिस्टियाने हॉर्बिगर यांना अभिनयाचा वारसा पाउला वेसेली आणि आटिला हॉर्बिगर या ख्यातनाम नट-दाम्पत्याकडून लाभला. ऑस्ट्रियाचे राष्ट्रीय नाट्यगृह मानल्या जाणाऱ्या बुर्गथिएटरमध्ये १९५९ साली, धर्मसहिष्णुतेचा पुरस्कार करणाऱ्या लेसिंगच्या ‘नाथान’ नाटकात, त्यांनी नायकाच्या मानसकन्येची भूमिका केली. पुढे झुरिचचे ‘शाउश्पीलहाउस’ हे नाट्यगृह दीर्घकाळ त्यांची कर्मभूमी ठरले.

मद्यनिर्मात्या सरदार घराण्यातील कलह रंगवणाऱ्या, १९८७ साली सुरू झालेल्या ‘गुल्डनबुर्ग’ मालिकेने त्यांना जर्मनभाषक घराघरांत पोहोचवले, तर ‘युलिया’मध्ये त्यांनी न्यायाधीश साकारून प्रौढ स्त्रीलाही मालिकेची नायिका होता येते, हे दाखवून दिले. २०२२ साली व्हिएन्नात त्यांचे निधन झाले.