अकरा घड्याळांचा देश

मॉस्कोत दुपारचे तीन वाजले की सोव्हिएत रेडिओचा निवेदक देशभरातल्या वेळा एका दमात सांगायचा. यादी संपायची ती पेत्रोपाव्लोव्स्क-कामचात्स्की या शहराशी : तिथे मध्यरात्र. राजधानीतल्या कचेऱ्या अजून सुटायच्या आहेत, आणि त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला तारीख बदलते आहे.

पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, हे आपण शाळेतच शिकलो. रशिया सुमारे 170 रेखांशांवर पसरला आहे. भागाकार केला की अकरा विभाग पडतात. कॅलिनिनग्राद ग्रीनविचच्या दोन तास पुढे, तर कामचात्का बारा तास पुढे. आजही नववर्षाच्या मध्यरात्रीचे राष्ट्राध्यक्षांचे भाषण आधी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवतात आणि पूर्वेकडून एकेका विभागात बारा वाजतील तसतसे दाखवत पश्चिमेकडे येतात. भूगोलाचे गणित इतके सोपे आहे. अवघड आहे ते राज्यकारभाराचे, आणि रशियाने ते शंभर वर्षे खोडून खोडून सोडवले आहे.

झारच्या काळात प्रत्येक शहर आपापल्या सूर्यावर चाले. रेल्वे आणि तारखाते मात्र सेंट पीटर्सबर्गच्या वेळेवर. 8 फेब्रुवारी 1919 रोजी लेनिनच्या सहीने वेळविभागांचा हुकूम निघाला, तेव्हा यादवी ऐन भरात होती आणि सायबेरियाचा मोठा भाग बोल्शेविकांच्या ताब्यातही नव्हता. हद्दी आखताना नद्यांचा आधार घेतला गेला. ओब नदी अशीच एक हद्द ठरली आणि तिच्या दोन्ही काठांवर वाढलेल्या नोवोसिबिर्स्क शहरात काही काळ दोन वेळा नांदल्या. पुढे 1930 मध्ये, उजेडाचा उपयोग व्हावा आणि वीज वाचावी म्हणून सगळ्या देशाची घड्याळे एक तास पुढे सारली गेली. ती वेळ मग कायमचीच झाली. 1981 पासून तिच्यावर उन्हाळ्यातला आणखी एक तास चढला.

अलीकडचा अध्याय अधिक बोलका आहे. दिमित्री मेदवेदेव राष्ट्राध्यक्ष असताना इतके विभाग कारभाराला जड जातात असा विचार पुढे आला आणि मार्च 2010 मध्ये अकराचे नऊ झाले. वोल्गाकाठचा समारा प्रांत मॉस्कोच्या वेळेत ओढला गेला, कामचात्का मागादानच्या. पुढच्याच वर्षी दर सहा महिन्यांनी काटे फिरवण्याची प्रथा मोडली आणि देश कायमचा उन्हाळी वेळेवर ठेवला. कागदावर सुटसुटीत दिसणाऱ्या या निर्णयाची झळ हिवाळ्यात लागली. डिसेंबरअखेर मॉस्कोत सूर्य उगवायला सकाळचे दहा वाजू लागले. मुले किर्र अंधारात शाळेत जात आणि पहिले तास दिव्यांच्या उजेडात होत. तक्रारी वाढत गेल्या. अखेर ऑक्टोबर 2014 मध्ये बहुतेक देश एक तास मागे आला आणि विभाग पुन्हा अकरा झाले.

त्यावरही सगळे खूश नव्हते. आता संध्याकाळ फार लवकर होते, असे म्हणत 2016 मध्ये अल्ताई, नोवोसिबिर्स्क, तोम्स्क, सखालिन अशा अनेक प्रांतांनी एक तास पुढे मागून घेतला. वोल्गोग्रादची गंमत तर वेगळीच. तिथे 2018 मध्ये लोकांनी मतदान करून मॉस्कोहून एक तास पुढची वेळ घेतली आणि 2020 च्या डिसेंबरात पुन्हा मॉस्कोच्या वेळेवर परतले. सूर्य सोयीचा झाला, पण राजधानीशी जुळलेला दिनक्रम मोडला, ही त्यातली अडचण.

या सगळ्या धामधुमीत रेल्वे मात्र ढिम्म होती. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा 9288 किलोमीटरचा मार्ग जवळजवळ आठवडाभराचा, आणि दोन्ही टोकांत सात तासांचा फरक. तरी वेळापत्रक, तिकीट आणि फलाटावरचे घड्याळ सगळीकडे मॉस्कोचे. तिकिटावर पहाटे 4 लिहिले असेल तर व्लादिवोस्तोकच्या प्रवाशाने सकाळी 11 ला स्टेशन गाठायचे. नवखा माणूस हमखास गोंधळायचा, पण गाड्यांच्या नियंत्रणासाठी अख्ख्या देशात एकच घड्याळ पुरत होते. 1 ऑगस्ट 2018 पासून तिकिटांवर स्थानिक वेळ छापली जाऊ लागली.

आपल्याला यात रस असायचे कारण उघड आहे. भारत सुमारे 29 रेखांश रुंद आहे; अरुणाचल आणि कच्छ यांच्या सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचे अंतर पडते. आसामचे चहामळे कित्येक वर्षे एक तास पुढची 'बागान टाइम' पाळत आले आहेत. 2018 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी वेगळी वेळ सुचवली. या कल्पनेवर नेहमी येणारा आक्षेप रेल्वेचा : दोन वेळा झाल्या तर एकेरी मार्गावर गाड्या एकमेकींवर आदळतील.

रशियाचा अनुभव या आक्षेपाला पुरेसे उत्तर देतो. आणि इतके लांब जायचीही गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याच आगगाड्या मद्रासच्या वेळेवर धावत आणि मुंबई शहर आपल्या वेळेवर चाले. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईने तिच्याहून 39 मिनिटे मागची आपली वेळ कित्येक वर्षे जपली. रुळांची वेळ आणि रहिवाशांची वेळ वेगळी ठेवता येते, हे आपण करून पाहिलेले आहे.

वोल्गोग्रादने दाखवलेली दुसरी बाजूही खरी आहे. वेगळ्या वेळेची किंमत बँका, कचेऱ्या आणि राजधानीशी रोजचा संबंध असणाऱ्यांना मोजावी लागते. म्हणून ईशान्येचा निर्णय दिल्लीच्या सोयीने होऊ नये. ज्यांची दुपार चार वाजताच कलते, त्या लोकांना आधी विचारावे; आणि चुकले तर काटा मागे घेता येतो, हेही लक्षात ठेवावे.